मचाण सोडून तंबूत

परवाच्या रविवारी शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या रिकाम्या गोठ्यातल्या तुळईला टांगलं. पाय जमिनीपासून वीतभर वर, मांड्यांत पट्टे रुतलेले, आणि समोर त्यांची सून घड्याळाकडे बघत उभी. "मिनिटभर लटक, मग ठरव," ती म्हणाली. मिनिट संपायच्या आत पायांना मुंग्या आल्या.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. नऊ दिवस चालतो. त्या आठवड्यात ऑफिसात मीटिंग ठेवायची नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. यंदा मी आजोबांना म्हटलं, बंदूक नको, नुसतं सोबत बसायला येतो. त्यावर प्रश्न आला: बसणार कुठे? सुनेजवळ ट्री स्टँडवर, म्हणजे झाडाला बांधलेल्या 16 फुटी शिडीच्या टोकावरच्या, दोघं बसतील अशा बाकड्यावर? की आजोबांच्या ग्राउंड ब्लाइंडमध्ये, म्हणजे खिडक्या असलेल्या जमिनीवरच्या तंबूत, आपल्या भाषेत लपणात?

मी अमरावतीचा. मचाण काय असतं हे मला कोणी सांगावं? बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून मी रात्रभर प्राणी मोजलेत. काका तर तुरीच्या शेतात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं हाकलायला वर्षानुवर्षं जागलीला जायचे. मचाणावर घोंगडी, बॅटरी आणि तंबाखू, बस्स. कंबरेला पट्टा बांधा म्हटलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच बांधून ठेवलं असतं. हे सगळं मी त्या दोघांना रंगवून सांगितलं. काका एकदा पहाटे उतरताना पडले आणि मनगट अजून वाकडं आहे, तेवढं सांगायचं राहिलं.

इथे पट्ट्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. पट्टा म्हणजे खांदे, छाती, मांड्या सगळं आवळणारा हार्नेस. झाडावर बसायच्या जागेच्याही वरून जमिनीपर्यंत एक दोर सोडलेला असतो, त्याच्यावर सरकणारी गाठ. हार्नेसचा आकडा त्या गाठीत खालीच अडकवायचा आणि चढताना गाठ वर सरकवत न्यायची. माणूस वर निवांत बसलेला असताना सहसा पडत नाही. चढता-उतरताना आणि शिडीवरून बाकड्यावर पाय टाकताना पडतो. बंदूक हातात घेऊन चढायचंच नाही. ती रिकामी करून खाली ठेवायची आणि वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायची. आणि पडलाच तर? हार्नेस अडवतो, पण लटकत राहिलं की पायांतलं रक्त वर यायला अडतं, म्हणून खिशात दोरीचा एक फास ठेवायचा आणि त्यात पाय देऊन उभं राहायचं. गोठ्यातली माझी टांगणी त्यासाठी होती. एवढी काळजी बघून मला कौतुक वाटलं आणि रागही आला. जिवाची किंमत आम्हाला नाही असं थोडंच आहे! आमच्याकडे तो दोर कोण आणून देणार होतं?

सून वरच्या जागेच्या बाजूने. हरिण वर फारसं बघत नाही, नजर लांब पोचते, आणि वरून मारलेली गोळी मातीत जाते. हा शेवटचा मुद्दा मला पटला. आजोबा लपणाच्या बाजूने. नोव्हेंबरात ओकची पानं झडलेली, वर बसलेल्या माणसाने नुसतं नाक पुसलं तरी हरणाला दिसतं. तंबूत हलता येतं. फक्त मागच्या खिडक्या बंद हव्यात, नाहीतर उजेडात आपली सावली उठून दिसते. तंबूवर त्यांनी चारी बाजूंनी भगभगीत नारिंगी कापड लावलं होतं. सरकारी जमिनीवर या हंगामात चहूकडून दिसेल असं किमान 144 चौरस इंच भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी लावावंच लागतं. आजोबा स्वतःच्या रानातही लावतात. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

खरी अडचण वेगळीच निघाली. आजोबांनी माझं जॅकेट हुंगलं आणि म्हणाले, "हे आठवडाभर बाहेर टांग." हिंग! स्वयंपाकघराच्या दाराशी लटकून लटकून त्यात वर्षभराची फोडणी मुरली होती. मी जरा फुरंगटलो. त्यांच्या पिकअपला कुत्र्याचा आणि डिझेलचा वास येतो, ते चालतं? पण हरणाच्या नाकापुढे वाद चालत नाही. म्हणून मी लपण निवडलं. वास तंबूत थोडा तरी कोंडला जातो. उंचीला मी घाबरलो नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

शनिवारी अंधारात जाऊन बसलो. उणे सहा. आजोबांचं कॉफीचं थर्मास, माझे लोकरी मोजे, समोर वीतभर रुंदीची खिडकी. मेळघाटात रात्रभर आभाळ दिसायचं. इथे एक शेताचा बांध आणि तीन झाडं. नऊच्या सुमारास मागे वाळल्या पानांत पावलं वाजली. चर्र. मग थांबली. आजोबांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. मागची खिडकी बंद. दहा मिनिटं आम्ही दोघं एका काळ्या कापडाकडे बघत बसलो.

दुपारी सुनेने फोन दाखवला. वरून काढलेला फोटो: नारिंगी पट्ट्यांचा तंबू आणि त्याच्या पाठीशी, चार हातांवर, निवांत उभी असलेली मादी. आम्ही त्याच रेषेत होतो, म्हणून तिने बंदूक उचललीच नाही.

तो फोटो मी बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "हरिण दिसलं. अन् तू कुठी हायेस?"