रिव्हिअरचं घर आणि तीन जॉन

आज पॉल रिव्हिअरची वंशावळ पुन्हा पहिल्यापासून मांडली. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमधला हा चांदीकाम करणारा कारागीर.

पहिली अडचण नावाची. बाप पॉल, मुलगा पॉल, नातूही पॉल. त्यात बाप जन्माने अपोलोस रिव्वार, फ्रान्समधल्या ह्यूगेनॉ, म्हणजे प्रॉटेस्टंट कुटुंबातला. पोरवयात बॉस्टनला आला, जॉन कोनी या सोनाराकडे उमेदवारी केली आणि पुढे नाव इंग्रजी वळणाचं करून घेतलं. फक्त ‘रिव्हिअर’ शोधत गेलं, तर धागा त्याच्यापाशीच तुटतो.

मग तारीख. मुलाच्या, म्हणजे आपल्या कारागीर पॉलच्या, बाप्तिस्म्याची नोंद २२ डिसेंबर १७३४ची. इंग्रजी वसाहतींनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये. नव्या हिशेबाने ११ दिवस मिळवले की २ जानेवारी १७३५ येते. म्हणून प्रत्येक तारखेपुढे ‘जुनी’ की ‘नवी’ हे लिहायलाच हवं, नाहीतर एकच माणूस दोन वर्षांत जन्मतो.

या पॉलची मुलं सोळा. पहिली बायको सारापासून आठ, ती १७७३ मध्ये गेल्यावर दुसरी बायको रेचेलपासून आठ. खरा घोळ इथे होतो, कारण गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायचे. मेरी दोन, जॉन तर तीन! नुसतं ‘जॉन’ लिहिलं की तिघांचा एक होतो. नावाला जन्मसाल जोडावं, आधीच्याचं मृत्यूसाल तपासावं, मगच रेघ ओढावी. एका वर्षाच्या आत गेलेलं बाळही गाळू नये. पुढच्या नावाचं कारण तेच असतं.

घरही असंच थरांचं. बांधलं साधारण १६८० मध्ये, रॉबर्ट हॉवर्ड या व्यापाऱ्यासाठी. रिव्हिअरने ते घेतलं १७७० मध्ये आणि १८०० मध्ये विकलं. दुकान वेगळं होतं, त्यामुळे घरात भट्टी शोधू नये. तो राहायला आला तेव्हा पुढचं छप्पर उचलून तिसरा मजला पूर्ण केलेला होता. पुढे घराची भाड्याची चाळ झाली, खाली दुकानं आली. १९०२ मध्ये पाडापाडीच्या भीतीने ते विकत घेतलं ते त्याच्याच पणतूने. नंतर वास्तुविशारद जोसेफ चँडलरने घर सतराव्या शतकासारखं दिसावं म्हणून पुढचा तिसरा मजला काढला, आणि १९०८ मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

मला हे फार लागतं. पॉलची आई, बायको आणि मुलं ज्या छपराखाली राहिली, ते आज दिसत नाही. म्हणून वंशावळीशेजारी घराचा १७७०चा आराखडा ठेवला आहे, तिसऱ्या मजल्यासकट.