सावकाराचे डबे

घरी कुणी पाहुणा आला की त्याची नजर आधी टीव्हीवर जाते, मग टीव्हीशेजारच्या खेळण्यांनी भरलेल्या काचेच्या कपाटावर आणि मग माझ्या लेकीवर. पुढचा प्रश्न ठरलेला, "पोरीचं हाय व्हय सगळं? लय जपून ठेवलंय की." पहिली काही वर्षं मी सरळ हो म्हणून मोकळा व्हायचो. लेक तेव्हा दोन वर्षांची, तिच्या नावावर काय पण खपायचं. आता ती नऊची झाली आणि गेल्या दिवाळीत भर बैठकीत म्हणाली, "माझं नाही, पप्पांचं आहे, मला हात पण लावू देत नाहीत." मामासाहेब चहाचा कप तसाच धरून माझ्याकडं बघत बसले.

तर कबुलीजबाब देऊन टाकतो. वय एक्केचाळीस, कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हीएमसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर धातू कापणाऱ्या मशीनवर, जॉबवर्क करतो, आणि लेगोचे, म्हणजे एकमेकात बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचे सेट आणि जुने जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले सैनिक, गोळा करतो. दारू नाही, पत्ते नाहीत, मावा कधीच सुटला, हे एवढं एक आहे. बायकोचं म्हणणं असं की मावा स्वस्त पडला असता.

ह्या नादातल्या मोठ्या माणसांना जगभर 'अफॉल' म्हणतात, म्हणजे अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो. त्यांच्यात 'डार्क एजेस' असा एक शब्द आहे, म्हणजे दहावी-बारावीच्या आसपास खेळणी सुटतात ती परत हातात येईपर्यंतचा काळ. मला तो शब्द ऐकून हसू आलं होतं, कारण लहानपणी कोल्हापुरात आमच्याकडं लेगो होताच कुठं सुटायला? आमच्याकडं होत्या पत्र्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट, क्रेन बनवायची आणि तिनं आईचा डबा उचलायचा. आणि होता दिवाळीचा किल्ला. त्यामुळं आपला डार्क एज मोजायचाच तर शेवटचा किल्ला केला त्या वर्षापासून मोजायचा, माझा नववीत झाला.

आता विचार केला तर किल्ल्याचे मावळे हेच माझं पहिलं कलेक्शन. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पेपरात गुंडाळून माळ्यावर, वर्षातनं एकदा खाली. कुणाचा भाला तुटलेला, घोड्याला पाय तीन, कोंबडा तोफेपेक्षा मोठा, आणि महाराज एकच, ते आण्णा स्वतः काढणार, पोरांनी हात लावायचा नाही. म्हणजे 'हात लावायचा नाही' हे आमच्या घरात खानदानी आहे, लेकीला ते कोण सांगणार.

आम्ही चार टाळकी आहोत ह्या नादातली, महिन्यातनं एकदा खासबागेजवळ भेळ खायला भेटतो. त्यातला एक, त्याला आम्ही सावकार म्हणतो, कारण तो सेट घेतो आणि उघडत नाही. सीलपॅक. टेप सुद्धा खरवडलेली चालत नाही त्याला. त्याचा हिशोब साधा, कंपनी एखादा सेट दोन-तीन वर्षं विकते, मग बंद करते, बंद झाला की भाव चढतो. आणि उदाहरण एकच, ताजमहाल. २००८ ला आला होता, ५९२२ पार्टचा, बंद झाल्यावर त्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेला, हे खरंच आहे. पण सावकार पुढचं सांगत नाही. २०१७ ला कंपनीनं तोच ताजमहाल परत काढला, एक पार्ट जास्त घालून, ५९२३, आणि ज्यांनी जुने डबे सोन्यासारखे धरून ठेवले होते त्यांचे भाव धाडकन खाली आले. मी हे काढलं की सावकार म्हणणार, "तू उघडून काय कमावलंस?" ह्यावर मला कधीच उत्तर सुचलेलं नाही.

भारतात तर हा गुंतवणुकीचा हिशोब अजूनच अवघड. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. त्यामुळं मी नवीन मोठा सेट वर्षातनं एखादा घेतो आणि तो कुरिअरनं घरी नाही, वर्कशॉपला येतो. वर्कशॉपची पोरं समजतात मशीनच्या कटिंग टूलची पेटी आली.

आता सावकाराचा पूर. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणाला सांगायला लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेली होती, शिरोलीजवळ हायवे बंद. सावकाराचं घर नदीच्या अंगाला, तळमजला. पाणी दरवर्षी गल्लीच्या तोंडापर्यंत येतं आणि फिरतं, म्हणून ते बिनधास्त होते, ह्या वेळी रात्रीत उंबरा चढलं. माणसं आणि कागदपत्रं बाहेर काढली, म्हातारीला होडीतनं आणलं, अशा वेळी बेडखालच्या खेळण्याच्या डब्यांची आठवण कुणाला येणार. आली असेल, पण बोलायची लाज.

पाणी उतरल्यावर आम्ही तिघं फावडी घेऊन गेलो. चिखल म्हणजे साधा नाही, काळा, तेलकट, वास असा की नाकाला रुमाल बांधून पण डोळ्यात पाणी. आधी घर काढलं, फ्रीज रस्त्यावर, गाद्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सावकारानं बेडखालनं डबे ओढले तर हातात नुसता पुठ्ठ्याचा लगदा आला. सगळ्यात मोठा होता असेंब्ली स्क्वेअर, २०१७ चा, ४००२ पार्टची चौकातली इमारत, खाली बेकरी, फुलवाला, कॅफे. त्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांना हवेसाठी बारीक भोकं असतात, त्यातनं पंचगंगा आत गेलेली. माहितीपुस्तकाची वीट झाली होती, खरी वीट, मातीची.

सावकार काही बोलला नाही. म्हणाला, "टाकून द्या गड्या." मी म्हटलं, "पुठ्ठा गेलाय, माल कुठं गेलाय?"

आणि हाच माझा मुद्दा आहे जो मी वर्षानुवर्षं भेळ खात सांगत होतो आणि नदीनं एका रात्रीत सांगितला. तो जे जपत होता तो पुठ्ठा होता. आतलं प्लास्टिक एबीएस, त्याला पुराचं काय होतंय? आमच्या गच्चीवर तीन बादल्या लावल्या. पाणी कोमट, हाताला सोसेल एवढंच, कारण फार गरम झालं की पार्ट वाकडा होतो. भांड्याचा साबण, नंतर थोडं डेटॉल. भाजी धुवायच्या जाळीत मूठ मूठ घालायचं, खळबळायचं, मग एकेक पार्ट उलटा करून पोटातल्या नळीत जुना टूथब्रश. चार हजार पार्ट, चार रात्री. उन्हात वाळवायचं नसतं, पांढरे पार्ट पिवळे पडतात, पण ऑगस्टात कोल्हापुरात ऊन कुठलं, हॉलमध्ये चादरी अंथरून पंख्याखाली. आई आली, बघितलं, म्हणाली, "माणसांची भांडीकुंडी वाहून गेली आणि तुम्ही हे धुताय." ते बरोबरच होतं. आम्ही गप्प बसलो आणि धूत राहिलो. सावकाराला त्या चार रात्री दुसरं करायला पण काही नव्हतं, विमेवाला आठवड्यानं येणार होता.

माहितीपुस्तक कंपनीच्या साइटवर फुकट पीडीएफ मिळतं, ते लॅपटॉपवर लावून रचायला घेतलं. सावकारानं वयाच्या चाळिशीत स्वतःचा पहिला मोठा सेट रचला हो! आठ वर्षं डबे गोळा करत होता आणि दोन पार्ट एकमेकात बसताना जो बारीक टक् आवाज येतो तो त्याला माहीतच नव्हता. बेकरीचं दार बसवलं आणि उगीच पाच वेळा उघडझाक केली.

शेवटी दोन पार्ट कमी पडले, एक बाय दोनच्या प्लेटी, म्हणजे दोन बटणांच्या चपट्या विटा. बाहेरनं मागवायच्या तर पार्ट पाच रुपयाचा आणि टपाल हजाराचं. मग माझ्यातला उद्यमनगर जागा झाला. म्हटलं, एवढं काय, माप तर सगळ्या जगाला माहीत आहे. वरच्या गोल बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर, दोन बटणांमधलं अंतर ८, प्लेटीची जाडी ३.२, विटेची बरोबर तिप्पट म्हणजे ९.६. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घेतला, रविवारी मशीनवर चढवला, बारीक एंडमिल, म्हणजे कापायचं टूल, लावून प्लेट काढली. दिसायला नाद खुळा! बसवायला गेलो तर बसेना. अजून जरा काढलं, तर आता बसली पण पकडेना, बोटानं उचलली की सुटून हातात. तिसरी काढली ती एवढी घट्ट की काढताना खालच्या पार्टला ओरखडा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एबीएस थोडं दबतं आणि परत येतं, त्या दबण्यातच पकड असते, बटण किंचित मोठं आणि नळी किंचित ताणणारी. अ‍ॅल्युमिनियम दबतच नाही, मग एक तर ढिलं नाहीतर जाम, मधलं काही नाही. ती पोटातली नळी हीच खरी करामत, तिचं पेटंट डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं, आणि त्या साली काढलेली वीट आजच्या विटेवर बसते. साठ-पासष्ट वर्षं साच्याचं माप काही मायक्रॉनच्या आत धरून ठेवायचं! आमच्याकडं सकाळच्या शिफ्टचा जॉब संध्याकाळच्या शिफ्टला जुळेना झालाय म्हणून कस्टमर बोंबलत असतो. बिलुंड नावाच्या गावात एका सुतारानं १९३२ मध्ये धंदा चालू केला आणि तिथनं हे इथवर आलं, मला त्या डब्यांच्या भावापेक्षा ह्याचं जास्त कौतुक वाटतं. डुप्लिकेट विटांना मी नावं ठेवत नाही, पोरांना खेळायला बऱ्या आहेत, पण भंगारातनं किलोवर जुना माल आणला की मी प्रत्येक बटणावरचं 'लेगो' हे बारीक अक्षर भिंगातनं बघतो. बायको म्हणते तांदूळ असे निवडले असतेस तर.

त्या दोन प्लेटींच्या जागी शेवटी माझ्या भंगारातल्या घातल्या, रंग वेगळा आहे, बेकरीच्या मागं, दिसत नाही. सावकाराला दिसतात.

माणसांचं, म्हणजे फिगर्सचं प्रकरण वेगळं. लेगोचा छोटा माणूस १९७८ चा, तो मला आवडतो पण जीव जडलेला नाही. २०१० पासून त्यांची बंद पाकिटं यायची, आत कोण आहे माहीत नाही, पुण्याच्या एका मॉलमध्ये मी अर्धा तास पाकिटं चाचपत उभा होतो, टोपी लागतेय का तलवार, शेवटी सिक्युरिटीवाला येऊन शेजारी उभा राहिला. २०२३ पासून पुठ्ठ्याची खोकी आली, चाचपायची सोय गेली आणि इज्जत वाचली.

जीव आहे तो जी. आय. जो वर. पावणेचार इंचाचे, आपल्याकडं फनस्कूल कंपनीनं काढलेले. अमेरिकेतल्या माणसाचे कपडे एका रंगाचे तर आपल्याकडच्याचे भलत्याच रंगाचे निघायचे, लहानपणी वाटायचं हे असंच असतं, आणि आता बाहेरचे लोक नेमके तेच भारतीय रंग शोधत असतात. ह्या माणसाच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते, वरचं धड आणि खालचे पाय तिच्यावरच ताणून धरलेले. पंचवीस-तीस वर्षांनी रबर कडक होतं आणि एक दिवस माणूस कपाटात उभ्या उभ्या कमरेतनं तुटून पडतो. तुटला तर घाबरायचं नाही, पाठीवरचा एक स्क्रू काढला की उघडतो. पहिल्यांदा मी उद्यमनगरातच दुकानात गेलो, माप सांगून ओ-रिंग मागितली. दुकानदार म्हणाला, "पंपाला काय सिलेंडरला?" मी म्हटलं, "माणसाच्या कमरेला." त्यानं वर बघितलं पण नाही, दहाचा पुडा टाकला समोर, पन्नास रुपये.

त्या पुड्यावर माझी आख्खी पलटण उभी आहे.

सावकारानं पुरानंतर काय धडा घेतला असं विचाराल तर त्यानं घर वर चढवलं. आता दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि डबे लोखंडी मांडणीवर, छताला लागून, सगळे सीलपॅक. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा फोन करून म्हणाला, "आमचा ताजमहाल कोरडा हाय." असेंब्ली स्क्वेअर मात्र हॉलमध्ये उघडा, त्याच्यावर धूळ बसते आणि तो स्वतः ब्रशनं झाडतो.

परवा तो घरी आला होता. कपाट बघता बघता मागच्या ओळीत हात घातला आणि एक कार्ड बाहेर काढलं. फनस्कूलचा जो, पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा फुगा, फुगा पिवळा पडलेला, सील तसंच. महाद्वार रोडच्या एका बंद होणाऱ्या दुकानात जुन्या मालात मिळाला होता, बारा वर्षं झाली.

"हे काय रं?"

मी म्हटलं, चहा घे.

"उघडा उघडा म्हणून आमचं डोकं खाल्लंस की मर्दा. हे का न्हाय फाडलंस?"

आता कसं सांगायचं. आतली रिंग केव्हाच गेलेली असणार, आतला माणूस फुग्याच्या आकारानं धरून ठेवलाय म्हणून अख्खा दिसतोय, फाडला की दोन तुकडे. रिंग माझ्याकडं आहे, स्क्रूड्रायव्हर आहे, पाच मिनिटांचं काम आहे. हे सगळं मला माहीत आहे आणि बारा वर्षं मी ते केलेलं नाही.

सावकारानं चहा घेतला, पुड्यातली एक ओ-रिंग काढली, कार्डावर ठेवली आणि गेला. अजून तिथंच आहे. लेक रोज शाळेतनं आली की विचारते, "पप्पा, आज?"