गळाविना पारशिवनीपल्याड

पारशिवनी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचं रान सुरू होतं. दहा वर्षं या रस्त्यानं मी दर हिवाळ्यात गळ घेऊन आलो. या खेपेला गळ घरीच ठेवले. इथल्या एका जलाशयावर हौशी गळवाल्यांना आता सरसकट मनाई आहे.

वर पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारी बंद आहे, ती मला मनापासून मान्य आहे. रोहू-कतला पावसाळ्यात अंडी घालतात, त्या दिवसांत पाण्याला कुणी हात लावू नये, हेही मान्य. पण बारमाही बंदीनं काय झालं, ते काठावरच्या काकूंच्या टपरीत दिसलं.

"तुमी लोकं यायचे तं रविवारी दोन पायल्या पोहे लागत. आता किलोभर बी सरत नाही जी, भाऊ," काकू म्हणाल्या.

आम्ही चौघं एका दिवसात गावात हजार-बाराशे रुपये सोडायचो. सकाळी तर्री-पोहे, दुपारी चून-भाकर, पोरांकडून वीस रुपये डबा गांडुळं. गळाला लागलेले मासे बहुतेक परत पाण्यात जायचे. घरी न्यायला मरळ आम्ही ढिवरांकडूनच, म्हणजे इथल्या मासेमारांकडूनच विकत घ्यायचो. जलाशयात मत्स्यबीज सोडायला त्यांच्या संस्थेचा पैसा लागतो, म्हणून मासे फुकट जातील ही त्यांची काळजी रास्तच आहे. मग गळामागे परवाना ठेवा, त्याचे पैसे संस्थेला द्या, माशांची मर्यादा घाला. आम्ही आनंदानं भरू.

कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरीला मासा धरून सोडण्याचे कॅम्प चालत. पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण तिथे वाटाडे आणि राखणदार झाले होते. अभयारण्यात गळ बंद झाला आणि ती कामंही गेली. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथला कुबड्या महसीर हा मासा नाहीसा होत चालल्याचं गळवाल्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून उघड झालं. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. काठावर माणूसच नसेल तर अशी नोंद ठेवणार कोण?

निघताना काकूंचा नातू डबा घेऊन धावत आला. गळवाले परत आले, असं त्याला वाटलं होतं. मी वीस रुपये दिले, आणि पुढच्या नाल्याशी गाडी थांबवून गांडुळं ओल्या मातीत सोडली.