टायर बदलले आणि ॲव्हरेज घसरले

चारही टायर एकदम बदलल्यानंतर गाडीचे ॲव्हरेज लिटरला १७ किलोमीटरवरून १५.८ वर आले, तेव्हा माझा पहिला संशय अर्थातच इंजिनावर गेला. सर्व्हिसिंग नुकतेच झालेले असल्याने तो फार टिकला नाही. मग मी टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर मोजण्याची जुनी पद्धत धरली आणि एकेक कारण तपासायला घेतले.

सुरुवात हवेपासून केली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर थंड टायरांसाठी हवेचा दाब ३३ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) लिहिलेला आहे. सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, गेज लावले तर चारही टायरांत २९ च्या आसपासच हवा निघाली. चूक माझीच होती, कारण लांबच्या प्रवासानंतर तापलेल्या टायरांत मी ३३ पर्यंत हवा ठेवून घेतली होती आणि टायर थंड होताच दाब उतरला होता. दाब बरोबर केला, पण एका पीएसआयमागे इंधनात साधारण ०.२ टक्क्याचाच फरक पडतो, त्यामुळे चार पीएसआयने जेमतेम एक टक्का भरून निघाला. सगळा दोष हवेवर ढकलणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो.

दुसरे कारण ओडोमीटरमध्ये, म्हणजे धावलेले किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरमध्ये निघाले. झिजलेल्या टायरांवर १०० किलोमीटर दिसणारे नेहमीचे अंतर आता ९८ दिसत होते. नव्या रबराच्या जाडीमुळे चाकाचा घेर वाढला होता आणि तेवढ्याच अंतरात चाकाचे फेरे कमी होत होते. म्हणजे दोन टक्के घट निव्वळ कागदावरची होती.

उरलेली तूट मात्र खरी होती. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सुटतो, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. तासभर गाडी चालवल्यावर टायरवर हात ठेवला की ती ऊब कळते, आणि ती इंधनातूनच आलेली असते. जितके रबर जाड आणि नक्षी खोल, तितका हा तोटा मोठा; आणि मी तर खडबडीत रस्त्यांसाठीची जाड नक्षी हौसेने निवडली होती.

मोहापायी एकदा ३८ पीएसआय भरून पाहिले. गाडी खड्ड्यांत आदळू लागली आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकचा भरवसा वाटेना, म्हणून आठवड्यातच ३३ वर परत आलो. ओडोमीटरची दुरुस्ती धरून सध्या १६.२ पडते.