आसनांचा हिशोब आणि जिन्यांचा हिशोब

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमचे नूतनीकरण २०१७च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी चालू होते, तेव्हा प्रेक्षक बाहेर पडण्याच्या वाटा तपासणाऱ्या गटात मी होतो. १९८४ साली सुरू झालेल्या या स्टेडियमची क्षमता पूर्वी १,२०,००० सांगितली जाई. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरवले, त्या दिवशी तर १,३१,७८१ प्रेक्षकांची नोंद झाली. आम्ही करीत असलेला हिशोब या आकड्याच्या जवळपासही जाणार नव्हता.

क्षमता म्हणजे आसनांची बेरीज, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात किती बसतील, ठरलेल्या वेळेत किती आत येतील आणि ठरलेल्या वेळेत किती बाहेर पडतील, हे आकडे वेगवेगळे काढले जातात आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच क्षमता ठरते. आम्ही वापरलेल्या ब्रिटिश निकषांनुसार एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसे जातात, जिन्यावरून मात्र ६६. गॅलरी ८ मिनिटांत मोकळी व्हायची असेल, तर १.२ मीटर रुंदीचा जिना ६३३ माणसांना पुरतो. वर चार हजार आसने बसवली तरी जिना रुंद होत नाही. त्यात फिफाला प्रत्येकासाठी स्वतंत्र, पक्के बसवलेले आणि किमान ३० सेंटिमीटर उंच पाठीचे आसन लागते. नमुन्यादाखल बसवलेल्या आसनांच्या ओळीत मी टेप धरून बसलो, तेव्हा ही पाठ काय करते ते दिसले: काँक्रीटच्या पायरीची खोली तेवढीच राहते, पाठीमुळे आसन पुढे येते आणि ओळीतून चालण्याची वाट तेवढी अरुंद होते. बैठकांमध्ये मात्र प्रत्येक वेळी एकच प्रश्न यायचा, "आणखी किती बसवता येतील?" किती जण सुखरूप बाहेर पडतील, हे कोणी आपणहून विचारले नाही, याचा मला आजही संताप येतो.

माझे मोजमाप पाहत उभ्या असलेल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने विचारले, "दादा, स्टेडियम लहान का करताय?" ते १९९७चा तो सामना पाहायला वरच्या गॅलरीत होते. मी त्यांना ८ मिनिटांचे गणित समजावले. ते म्हणाले, "त्या दिवशी सव्वा लाखाच्या वर माणसे होती आणि सगळी घरी गेली." मी १६ ऑगस्ट १९८०ची आठवण दिली, ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ प्रेक्षकांचा जीव गेला होता. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: तिथे भांडण पेटले, कारण दोन्हींकडचे समर्थक एकाच गॅलरीत बसवले होते, त्यांना वेगळे बसवा, आसने कशाला काढता?

त्यांचे निदान चुकीचे नव्हते, पण समर्थक वेगळे केले की मध्ये पट्टा रिकामा सोडावा लागतो आणि एका बाजूच्या लोकांना दुसऱ्या बाजूचे जिने वापरता येत नाहीत, म्हणजे आकडा आणखी खाली येतो. हे मी सांगितले आणि त्यांनी ते मान्यही केले. तरी त्यांचा मूळ मुद्दा तसाच राहिला, तो असा की बिनपाठीच्या बाकावर दाटीवाटीने, स्वस्तात सामना पाहणारा माणूस या हिशोबात कुठेच धरलेला नाही. पुढे २८ ऑक्टोबरला इंग्लंडने ०-२ अशा पिछाडीवरून स्पेनला ५-२ असे हरवलेला अंतिम सामना ६६,६८४ जणांनी पाहिला. जिन्यांचे गणित मी आजही तसेच मांडेन आणि एकही आसन वाढवणार नाही. पण जागा कमी झाल्यावर आधी कोण बाहेर राहतो, हे ठरवणारा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता आणि तो कोणी भरायचा, हे त्या कर्मचाऱ्याला मी तेव्हाही सांगू शकलो नाही.