त्या पैशांत शाळेला बाकं आली असती

दरवर्षी चैत्रात मी सहा दिवसांची रजा टाकतो आणि परत आलो की आमच्या पतपेढीत कुणी ना कुणी विचारतंच. सुरुवात वेगवेगळी, शेवट एकच. "यंदा यात्रेला किती खर्च झाला हो?" मी आकडा सांगतो. समोरचा मनातल्या मनात काहीतरी भागाकार करतो आणि म्हणतो, "एवढ्यात गावच्या शाळेला बाकं आली असती की."

परवा तुम्हीही तेच विचारलंत. चहा संपेपर्यंत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून लिहून देतो.

आधी माझी ओळख. मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीचा खजिनदार. तेरा वर्षं झाली. "पोरगं पतपेढीत आहे, त्याला हिशेब येतो," एवढ्याच भांडवलावर माझी निवड झाली आणि त्यानंतर कुणी ते पद मागायलाच आलं नाही. गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याच्या पश्चिमेला, देव भैरवनाथ. आमच्या भागात हनुमान जयंतीच्या आगेमागे गावोगाव यात्रा असतात. शेजारच्या दोन गावांची तारीख सहसा एक येत नाही, कारण दोन्हीकडचे पाहुणे तेच असतात. पाळणेवाले, खेळणीवाले, गोडीशेव-रेवडीची दुकानं, सगळा लवाजमा एका गावाहून दुसऱ्या गावी सरकत जातो.

ही ओढ किती असते, ते मुंबईकरांना जेवणाच्या डब्यावरून कळतं. मुंबईचे डबेवाले दरवर्षी याच दिवसांत पाच-सहा दिवस सुट्टीवर जातात, पेपरात बातमी येते. ते बहुतेक सगळे आमच्याच पट्ट्यातले: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले. माझा चुलत भाऊ त्यांतलाच. भर पावसात, लोकल बंद पडलेल्या दिवशीही डबा पोचवणारा माणूस यात्रेला मात्र ऐकत नाही.

आता पैशांचं. यात्रेचा पैसा पट्टीतून येतो. पट्टी म्हणजे प्रत्येक उंबऱ्यामागे ठरलेली रक्कम. गावातल्यांना एक, नोकरीधंद्यासाठी बाहेर गेलेल्यांना थोडी जास्त. शिवाय हौसेनं देणारे असतात. देवस्थान नोंदणीकृत आहे, त्यामुळे हिशेब लेखापरीक्षकाकडे जातो, धर्मादाय कार्यालयात जातो. पण मला त्या दोघांची कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती पाराची. यात्रा झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पारावर जमाखर्च वाचायचा असतो आणि तिथे ज्याला दोन आकड्यांची बेरीज येत नाही तोही "मांडववाल्याला मागच्या सालापरीस तीन हजार जास्त का?" हे बरोबर विचारतो. एका वर्षी एक पावतीपुस्तक सापडेना. पन्नास पानं. दोन भाऊबंद एकमेकांकडे बोट दाखवत होते, सगळा पार माझ्याकडे. पुस्तक पुढे एका घराच्या पोटमाळ्यावर, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं, तेही कोरं. तोवर माझे चार महिने गेले होते आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं होतं. ते अजून सुरू झालेलं नाही.

लोक पट्टी भक्तीनं देतात, असं मी तेरा वर्षांनंतरही छातीठोकपणे म्हणणार नाही. भोंगा हे मोठं कारण आहे. देणगीदाराचं नाव रकमेसकट भोंग्यावरून पुकारलं जातं. भावकीतल्या अमक्यानं पाच हजार दिले हे कानावर पडलं की तमका साडेपाच घेऊन येतो. आम्ही त्याच्याकडून पैसे घेतो आणि नाव पुन्हा दोनदा पुकारतो. यात मला काही वावगं वाटत नाही.

तर बाकं. एका वर्षी आम्ही तुमचं ऐकलं होतं.

मी खजिनदार झाल्याचं तिसरं वर्ष. कमिटीत आम्ही तिघेचौघे शहरातले, शिकलेले, उत्साही. ठराव मांडला की यंदा तमाशा नको, ते पैसे शाळेला द्यायचे. विरोध कुणी केला नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या गावात विरोधाशिवाय साधा नळसुद्धा बसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्याही वाजल्या. मग पट्टी गोळा करायला निघालो. दोन हजार देणाऱ्यानं पाचशे दिले. पाचशे देणाऱ्यानं "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं. एक म्हातारे चुलते तोंडावर बोलले, "शाळा सरकारची, देव आपला." आणि माझा डबेवाला भाऊ, जो मुंबईतून शंभर घरांची पट्टी गोळा करून आणायचा, तो फोनवर म्हणाला, "दादा, मी सहा दिवसांची रजा काय बाकं बघायला घेऊ?"

जमा निम्म्यावर आली. मांडव, वाजंत्री, महाप्रसाद यांतच संपली. शाळेला देण्यासाठी शेवटी जे उरलं त्यात दोन पंखे आले. रात्री गावात चिटपाखरू नव्हतं. पाहुणे जेवून संध्याकाळच्या एसटीनं निघून गेले, कारण रात्री थांबायचं कशाला? पाळणेवाला माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, डिझेलपण सुटलं नाही." पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. यात्रेचा पैसा आधी कुठेतरी साठलेला असतो आणि आम्ही तो चुकीच्या कामाला लावतो, असं तुम्हाला वाटतं. तसा तो नसतोच. यात्रा आहे म्हणून तो खिशातून बाहेर येतो. यात्रा काढून घेतली की तो शाळेकडे वळत नाही, खिशातच राहतो.

दुसऱ्या वर्षी तमाशा परत आणला. तमाशा ठरवायला आम्ही नारायणगावला जातो. पुणे-नाशिक रस्त्यावर हंगामात फडांच्या राहुट्या लागतात, गुढीपाडव्याला तर तिथे जत्राच असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावचे पुढारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरत असतात. बाहेर फलकावर कुठली तारीख गेली, कुठली मोकळी, ते लिहिलेलं. आत चहा, सुपारीची बोलणी, वगाची चौकशी, आणि आमच्या कमिटीतल्या एका ज्येष्ठांची दरवर्षीची ठरलेली अट: "गण-गवळण पुरी पाहिजे, नुसती पिक्चरची गाणी नकोत." फडाचे व्यवस्थापक हो म्हणतात. गाणी पिक्चरचीच होतात. ज्येष्ठ पहिल्या रांगेत बसून ती सगळी ऐकतात.

पण त्या वर्षी आम्ही एक बदल केला. पालखी देवळात परतली की मानाच्या नारळाचा लिलाव होतो. पूर्वी तो पैसा देवस्थानच्या खात्यात जायचा. आम्ही ठरवलं, नारळाचा पैसा शाळेचा. शाळेची पोरं-पोरी लेझीम खेळून घामाघूम होऊन तिथेच पायरीवर बसलेली असतात. मुंबईकर, पुणेकर, गावकर असे तीन तट समोरासमोर. बोली पाचशे एकवरून निघते. गेल्या वर्षी एका नारळाला जे आले त्यात दोन वर्गांची बाकं झाली आणि वर फळाही आला. तमाशा बंद ठेवला त्या वर्षी सगळा जीव काढून दोन पंखे आले होते, हे विसरू नका. नारळ घेणारा गडी आमच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला. वाशीच्या बाजारात त्याचा गाळा आहे. त्याला मी एरवी शाळेसाठी फोन केला असता तर त्यानं उचलला असता की नाही, सांगता येत नाही.

रक्तदानाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, त्यामुळे शहरातल्या रक्तपेढ्यांत रक्ताचा तुटवडा पडतो. आम्ही म्हटलं, गावी गेलेले लोक म्हणजे आपलेच की. मग मांडवडहाळ्यांच्या, म्हणजे देवळापुढे डहाळ्यांचा मांडव घालतात त्या दिवशी सकाळी शाळेच्या वर्गात शिबिर ठेवलं. पहिल्या वर्षी नऊजण आले. दुसऱ्या वर्षी आमच्या कमिटीतल्या एकानं भोंग्यावरून जाहीर केलं की गावच्या सगळ्या जावयांनी शिबिराला हजेरी लावायची आहे, नावं पुकारली जातील. सासऱ्याच्या गावात भोंग्यावरून नाव पुकारलं गेल्यावर कोणता जावई घरात बसेल? रांग वर्गाबाहेर गेली. रक्तपेढीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पिशव्या कमी पडतील. एक जावई सुई बघून आडवे झाले, त्यांना लिंबूसरबत पाजलं. त्यांच्या मेहुण्या अजून तो किस्सा सांगतात.

बैलगाड्यांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर पुन्हा परवानगी दिली. मधली सात-आठ वर्षं आमच्या जमाखर्चात 'घाट' (म्हणजे गाडे पळवायची धाव) हा रकाना कोरा होता. बैलांचे हाल होत होते का? होत होते, काही लोक करत होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, हे सगळं करावं लागतं आणि ते करताना माझी चप्पल झिजते. झिजू दे. चाबूक गेला ते बरंच झालं. गाडा घाटातून सुटतो, निवेदक "भिर्रर्र" म्हणतो, आणि सेकंद मोजायच्या आत बारी संपते. तेवढ्यासाठी लोक दुपारी दोनच्या उन्हात उभे असतात. माझ्या मुलीला ते कळत नाही. तिचं लक्ष बर्फाच्या गोळ्याकडे.

आमच्या घरात या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा अधिकार माझ्या बायकोला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "यात्रा तुमची, चूल आमची." पहिल्या दिवशी देवाच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या, दुसऱ्या दिवशी मटण, न खाणाऱ्यांसाठी मासवड्या आणि रस्सा. कोण किती येणार याचा पत्ता नाही. माझी आई चाळीस माणसांचं करायची, तमाशाला मात्र तिनं आयुष्यात पाऊल टाकलं नाही. तेव्हा घरातल्या बाया जात नसत. तीन वर्षांपूर्वी बायकोनं आणि तिच्या जावांनी कमिटीकडे अर्ज केला. अक्षरशः अर्ज, सह्यांनिशी. दुसऱ्या दिवशीचं जेवण सगळ्या गावाचं एकत्र, देवळामागच्या पटांगणात, आचारी लावून. आणि एक कार्यक्रम असा ठेवा की आम्हीही येऊन बसू. कमिटीत दोन बैठका यावर झाल्या. "घरचं मटण गेलं म्हंजे यात्रा गेली," असं म्हणणारे निघाले. शेवटी अर्धा अर्ज मंजूर झाला: संध्याकाळी बायकांचे खेळ आणि पैठणी. आचाऱ्याचा विषय अजून लोंबकळतोय. यंदा तो मंजूर झाला नाही तर मला घरी जेवण मिळणार नाही, असं सांगण्यात आलंय.

एक हिशेब मात्र मी पारावर वाचताना अडखळलो होतो. २०२० चा. आदल्या वर्षी आवडता फड हातचा निसटला होता, म्हणून त्या वर्षी फेब्रुवारीतच जाऊन सुपारी देऊन आलो होतो. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. ८ एप्रिलच्या हनुमान जयंतीला देवळात पुजारी आणि दिवा. पट्टी अर्धीअधिक जमलेली, विसार दिलेला. विसार परत मागायचा का, यावर फोनवरूनच बैठक झाली. सगळे एकदम बोलत होते. तेवढ्यात मी सांगितलं की फडाच्या मालकीणबाईंचा मला सकाळी फोन येऊन गेलाय. त्यांनी पैशाचं काही म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच पक्की धरू का, एवढंच विचारलं होतं. सव्वाशे माणसं आहेत, म्हणाल्या, आणि सगळी मोटारी लावून बसलीत.

फोनवर कुणी बोलेना. मग तेच "शाळा सरकारची" म्हणणारे चुलते म्हणाले, "राहू दे त्यांच्याकडं. आणि उरलेल्यातनं धान्य पाठव." जमाखर्चात ती रक्कम कुठल्या रकान्यात घालायची, हे मला सुचेना. शेवटी 'करमणूक' याच रकान्यात लिहिली. २०२१ लाही यात्रा झाली नाही. लेखापरीक्षकानं त्या नोंदीवर खूण करून विचारलं, यात्रा झाली नाही तर करमणूक कसली? मी त्याला चहा पाजला आणि सगळं सांगितलं. त्यानं खूण खोडली.

तर असं आहे. पुढच्या पाडव्याला मी नारायणगावला जाणार आहे, गाडीत एक जागा मोकळी असते. यात्रेलाही या, मुलांना घेऊन या, पाळण्यात बसवू. फक्त एक आधीच सांगून ठेवतो: नारळाच्या लिलावात पाहुण्यांनाही बोली लावता येते, आणि तुमचं नाव भोंगेवाल्याकडे मी आत्ताच देऊन ठेवणार आहे.