पुरंदर: मुरारबाजींच्या माचीवर

पुरंदरला येणारे बहुतेक जण केदारेश्वराचा माथा गाठतात, वारा खातात आणि उतरतात. १६६५च्या मोगली वेढ्यात गड लढवणारे किल्लेदार मुरारबाजी देशपांडे यांना मुजरा करायचा असेल, तर वेळ माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर द्या.

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडमार्गे, नाहीतर सातारा रस्त्यावर कापूरहोळहून डावीकडे वळून नारायणपूर गाठायचं. डांबरी रस्ता थेट माचीपर्यंत जातो. पायवाटेने दीड-दोन तासांत बिनी दरवाजा येतो. गड लष्कराच्या ताब्यात आहे. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. ते नसल्याने बरीच माणसं इथूनच परत फिरतात. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही वेळ. मोबाईल-कॅमेऱ्याबाबत पहारेकरी सांगतील तेच खरं, आणि लष्करी इमारतींचे फोटो अजिबात नकोत.

बिनी दरवाजातून आत येऊन उजवीकडे वळलं की दोन्ही हातांत तलवारी घेतलेला मुरारबाजींचा पुतळा दिसतो. तिथे घाई करू नका. पूर्वेकडे पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड शोधा. १४ एप्रिल १६६५ला तो पडला आणि मोगली तोफा वर चढल्या. वज्रगड बालेकिल्ल्याहून बुटका, पण माची त्याच्या माऱ्यात येते. ते अंतर डोळ्यांनी मोजलं की मुरारबाजी तटाआड बसून का राहिले नाहीत, हे आपोआप उमगतं. निवडक ७०० मावळे घेऊन ते मोगल सरदार दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांची मर्दुमकी पाहून खानाने कौल, म्हणजे अभय देऊ केलं. तो झिडकारून ते थेट त्याच्यावरच धावले आणि बाण लागून पडले. किल्लेदार गेला म्हणून गडाने दार उघडलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. उरलेले मावळे आत परतून झुंजत राहिले. जूनमध्ये तह झाला, शिवाजी महाराजांना मोगलांना २३ किल्ले द्यावे लागले.

पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचा वज्रगड दिसतच नाही, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. भैरवखिंडीतून परवानगीशिवाय वज्रगडाकडे वळू नका. हार न्यायचा तर खऱ्या फुलांचा न्या, प्लास्टिकची पिशवी परत आणा. सर दरवाजातून बालेकिल्ला त्यानंतर करा. पायऱ्या ओल्या असतील तर उतरताना कडेने चाला.